‘सरकारी पाहुणचार’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

अमेरिकेतल्या व्हॉयाजर्स नॅशनल पार्कमधल्या आमच्या बेटावरच्या मुक्कामाचा लेख गेल्या आठवड्यात टाकला. त्याखाली ‘जुना डोंगरवाला’ या नावाने एक लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. तिला चौकटीत उत्तर द्यायला बसले तर ते मावेना, म्हणून इथे लिहिते. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी, सुरुवात अशी आहे:

‘ताई, लेख छान सजवलाय. पण लोखंडी पेटी, लाकडी टेबल, संडास आणि ऑनलाइन बुकिंग केलेली जागा, याला कॅम्पिंग म्हणत नाहीत, सरकारी पाहुणचार म्हणतात. आम्ही वासोट्यावर कुणाला न विचारता झोपायचो.’

त्यानंतर तक्रारींची यादी आहे. नऊ वर्षांच्या मुलाला कनूमध्ये, म्हणजे वल्ह्यांच्या अरुंद होडीत, बसवून एवढा मोठा तलाव ओलांडलात आणि वाऱ्याबद्दल वाचकांना धड काही सांगितलं नाहीत. उन्हाळ्याच्या शेवटी तिथे विषारी शेवाळ येतं त्याचा उल्लेख नाही. मिनीॲपोलिसहून चार तास लिहिलेत, पाच लागतात. आणि शेवटी ‘मासा तरी मिळाला का, की त्याचंही बुकिंग होतं?’ असं विचारून एक डोळा मारणारी स्मायली.

ताई म्हणालात, आनंद आहे. पण ताई म्हणून पुढच्याच श्वासात ‘छान सजवलाय’? सजवतात ते रुखवत. मी लेख लिहिला होता. त्यात नकाशा होता, परवाना कुठून काढायचा ते होतं, कनू कुठल्या काठाने न्यायची ते होतं. मागे याच ब्लॉगवर माझ्या नवऱ्याने एक पाहुणा लेख लिहिला होता. त्याखालच्या प्रतिक्रिया जाऊन बघा: ‘माहितीपूर्ण, धन्यवाद सर’. त्या लेखात नकाशा उलटा लागला होता, तरी कुणी त्याला दादा म्हणून डोक्यावर हात ठेवला नाही. असो. हा मुद्दा मी ताणणार नाही, पण तुमचा सूर माझ्या ध्यानात आला एवढं तुम्हाला कळावं म्हणून लिहिलं.

आता त्या पाहुणचाराकडे वळते.

हा पार्क मिनेसोटाच्या उत्तर टोकाला, कॅनडाच्या सीमेला चिकटून आहे. १९७१ मध्ये कायदा झाला आणि १९७५ मध्ये पार्क अस्तित्वात आला. क्षेत्रफळ साधारण २,१८,००० एकर, त्यातले ८४,००० एकर नुसतं पाणी. रेनी, कॅबेटोगामा, नामाकन आणि सँड पॉइंट हे चार मोठे तलाव, पाचशेच्या वर बेटं, आणि गाडी नेऊन तंबू ठोकता येईल अशी जागा एकही नाही. पार्कमधल्या प्रत्येक मुक्कामाच्या जागेवर पाण्यानेच जावं लागतं. म्हणजे तंबू, स्टोव्ह, शिधा, कपडे, पिण्याचं पाणी, सगळं होडीत भरायचं आणि वल्हवत न्यायचं. विसरलेली काडेपेटी विसरलेलीच राहते. हरिश्चंद्रगडावर आज झोपडीत गरम पिठलं-भाकरी मिळते, वर लिंबू सरबत मिळतं. मी ते आवडीने खाल्लं आहे आणि त्या मावशींबद्दल माझी काही तक्रार नाही. पण पाहुणचाराचा हिशोबच मांडायचा झाला तर दोन्ही बाजूंनी मांडू या.

तुम्हाला ती लोखंडी पेटी खुपली. ती अस्वलांसाठी आहे. इथली काळी अस्वलं पट्टीची पोहणारी, एका बेटावरून दुसऱ्यावर सहज जातात. अन्न, कचरा आणि वास येणारी प्रत्येक वस्तू त्या पेटीत टाकायची असते. आमच्या पेटीत चिवडा होता, लोणच्याची बाटली होती, टूथपेस्ट होती आणि मुलाने ‘ही तर खायची वस्तूच नाही’ म्हणून शेवटपर्यंत वाद घातलेली ओडोमॉसची ट्यूब होती. एकदा माणसाच्या खाण्याची चटक लागली की अस्वल त्या जागेवर पुन्हापुन्हा येतं, हळूहळू भीड सोडतं, आणि बऱ्याचदा शेवटी त्याला मारावं लागतं. पेटी आमच्या सोयीसाठी ठेवलेली नाही हो. तिच्यामुळे खरं तर आमचीच गैरसोय झाली. रात्री चहाची तलफ आली तर टॉर्च घेऊन चालत जायचं, पेटी उघडायची, साखर काढायची, पेटी लावायची, चहा प्यायचा आणि कप धुऊन पुन्हा पेटीत.

तंबूसाठी सपाट करून ठेवलेल्या चौकोनाचीही तुम्ही ‘चटई अंथरून ठेवलेली’ अशी टवाळी केलीत. हा सगळा प्रदेश कॅनेडियन शील्ड या अतिप्राचीन कातळपट्ट्याचा, काही खडक अडीच अब्ज वर्षांहून जुने. हिमनद्यांनी वरची माती खरवडून नेली, आणि नंतरच्या हजारो वर्षांत पाइनच्या सुया, शेवाळ आणि कुजलेली पानं साचून जे तयार झालं ते कातळावर पातळ थरासारखं पसरलं आहे. मी मुद्दाम त्या चौकोनाच्या बाहेर एक खुंटी ठोकून पाहिली. दोन बोटं आत गेली आणि खण्णकन वाजून वाकली. उपटली तर तिच्याबरोबर शेवाळाचा हातभर तुकडा सोलून वर आला आणि खाली ओला, करडा खडक उघडा पडला. तो मी जमेल तसा परत दाबून बसवला. अशा जमिनीवर दर आठवड्याला नवं कुटुंब मनाला येईल तिथे तंबू टाकू लागलं तर काय उरेल ते सांगायला तज्ज्ञ लागत नाही. म्हणून झीज एकाच ठिकाणी होऊ द्यायची आणि बाकीचं बेट सोडून द्यायचं. चूलही ठरलेल्या लोखंडी कड्यातच पेटवायची, कारण हा पालापाचोळ्याचा थर आतून धुमसत राहू शकतो. वर विझली असं वाटतं आणि आग खाली मुळांतून सरकत असते.

आणि आता संडास.

खरं सांगायचं तर बाकी सगळं मी हसून सोडलं असतं. ‘संडास’ हा शब्द यादीत घालून तुम्ही जे मिश्कील हसला आहात, तिथे माझं डोकं फिरलं. मीही सह्याद्रीतच वाढले आहे. कॉलेजात असताना नाशिकहून निघून रतनगडाच्या गुहेत झोपले आहे, नेढ्यात, म्हणजे कड्यातल्या आरपार भोकात, बसून वाऱ्याने दात वाजवले आहेत. राजगडावर पद्मावतीच्या देवळात मुक्काम केला आहे. हरिश्चंद्रगडाच्या गुहेत रात्रभर पावसाचं पाणी पाठीखाली येत होतं आणि सकाळी त्याच ओल्या कपड्यांत कोकणकडा बघायला गेले आहे. हे मी मिरवत नाही, पण तुम्हीच दाखला मागितलात. त्या गटांत मुली दोन, फार तर तीन असायच्या. आम्ही काय करायचो माहीत आहे? पाणी कमी प्यायचो. चढावर घसा सुकला तरी घोटभरच घ्यायचो, कारण आडोसा कुठे मिळेल, कधी मिळेल, आणि मिळाला तर पलीकडून कुणाचा गट येईल, याचा भरवसा नसायचा. संध्याकाळी डोकं ठणकायचं आणि गटातले दादालोक म्हणायचे, ‘मुलींना सवय नाही उन्हाची.’ मैत्रिणींपैकी एकीने तर याच कारणासाठी ट्रेक सोडले. तुम्ही केस पांढरे होईपर्यंत डोंगरात हिंडलात, तर तुमच्याबरोबर हिंडणाऱ्या मुलींना हे कधी विचारलंत का?

आमच्या बेटावर काय होतं तर झाडीत थोडं आत, खड्ड्यावर बसवलेली साधी बैठक. नळ नाही, दिवा नाही, डासांची सोबत भरपूर. पण ती तिथे आहे, हे निघण्याआधी ठाऊक होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी बाहेर मुक्कामाला जाऊन पोटभर पाणी प्यायले. याला तुम्ही पाहुणचार म्हणता. म्हणा.

वासोट्याबद्दल. बामणोलीहून लाँचने शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, ओलांडून मेट इंदवलीला उतरायचं आणि जंगलातून वर चढायचं, या वाटेने मीही गेले आहे. सह्याद्रीत होडीने जाऊन गाठायचा याच्याइतका देखणा गड दुसरा नाही, इथे आपलं दुमत नसावं. पण ‘कुणाला न विचारता झोपायचो’ हे तुम्ही पदकासारखं छातीवर लावलंत म्हणून विचारते, आज झोपून दाखवाल का? तो भाग कोयना अभयारण्यात येतो, २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे, आणि गडावर मुक्कामाला मनाई आहे. वाघांसाठी जंगल राखायचं तर हे व्हायलाच हवं होतं, ते मी नाकारत नाही. पण वनखात्याचे लोक चढण्याआधी पिशवीतल्या प्लास्टिकच्या बाटल्या आणि पुडे मोजून अनामत रक्कम ठेवून घेतात, ते वाघांमुळे नाही. कुणाला न विचारता झोपणाऱ्यांनी सकाळी मागे काय ठेवलं, त्याचा तो हिशोब आहे. तुम्ही स्वतः नीटनेटके असाल, मी तुम्हाला ओळखत नाही. पण तुमच्या पिढीची मुभा संपली आणि आमच्या मुलांना तिथे रात्र काढता येत नाही. इकडे पार्क होऊन पन्नास वर्षं उलटली, लोक दर उन्हाळ्यात त्याच बेटांवर राहतात, आणि आम्ही उतरलो तेव्हा चुलीच्या कड्यात आधीच्या कुटुंबाची राख होती, बाकी एक कागदाचा कपटाही नव्हता. परवाना, ठरलेली जागा, एका जागेवर एकच गट, ही बंधनं आहेत म्हणून ते शक्य झालं. बुकिंगला हसणं सोपं आहे. पवना धरणाच्या काठावर शनिवारी रात्री एकदा जाऊन या, डीजेच्या तालावर, मग बोलू.

उरलेल्या मुद्द्यांवर फार वेळ घालवत नाही.

अंतराचं तुमचं बरोबर आहे. चार नव्हे, पाच तासांच्या घरातच लागतात, थांबत गेलात तर जास्त. लेखात दुरुस्ती केली आहे. खऱ्याला खरं म्हणायला मला कमीपणा वाटत नाही.

शेवाळ: कॅबेटोगामात उन्हाळ्याच्या उत्तरार्धात निळं-हिरवं शेवाळ वाढतं, हे मला माहीत आहे. आम्ही जूनच्या सुरुवातीला गेलो होतो, तेव्हा पाणी स्वच्छ होतं, म्हणून लिहिलं नाही. प्रवासवर्णनात बारा महिन्यांचं पंचांग देत नसतात. ऑगस्टात जाणाऱ्यांनी पाण्यावर हिरवा तवंग दिसला तर मुलांना आणि कुत्र्यांना त्यात उतरू देऊ नये. ते विष उकळून किंवा साध्या फिल्टरने जात नाही, तेव्हा पिण्याचं पाणी घरूनच न्यावं. झालं?

वारा: लेखात ‘सकाळी लवकर निघा आणि काठ धरून चला’ असं स्पष्ट लिहिलं आहे. ते कशासाठी, हे अनुभवी माणसाला फोडून सांगावं लागेल असं वाटलं नव्हतं. मुलाच्या अंगात लाइफ जॅकेट होतं. मिनेसोटात दहा वर्षांखालच्या मुलांना चालत्या होडीत ते घालणं कायद्यानेच सक्तीचं आहे, त्यामुळे त्यात आमचं काही कौतुक नाही. परतीच्या दिवशी चहा-नाश्त्यात उशीर झाला आणि दुपारी मोकळ्या पाण्यात लाटा उठल्या. मग आम्ही एका टोकाच्या आडोशाला कनू ओढली, उलटी केली, पाइनला बांधली आणि वारा पडेपर्यंत खडकावर बसून राहिलो. संध्याकाळ झाली. मुलगा थोडा घाबरला होता, नंतर माझ्या मांडीवर झोपला. लेखात हे लिहिलं नाही, कारण त्यात लिहिण्यासारखं काही घडलं नाही. प्रत्येक गोष्टीचा बाऊ करायचा तर माणसाने घरीच बसावं. आणि कुणाला न विचारता झोपणाऱ्यांनी आम्हाला सुरक्षिततेचे धडे द्यावेत, हेही जरा मजेशीरच आहे.

ज्या इतर वाचकांनी बुकिंगबद्दल विचारलं आहे त्यांच्यासाठी: पार्कमध्ये शिरायला शुल्क नाही, रात्रीच्या मुक्कामाच्या परवान्याला आहे. स्वतःची होडी नसेल तर तलावाकाठच्या रिसॉर्टांत भाड्याने मिळते. आतल्या छोट्या तलावांवर मात्र स्वतःची होडी न्यायला बंदी आहे, कारण मोठ्या तलावांत बाहेरून घुसलेला काटेरी पाणपिसू हा चिमुकला जलचर तिच्याबरोबर तिकडे जाऊ शकतो. बाहेरून सरपणही आणू नका, लाकडातून कीड येते.

आणि डोंगरवाले, मासा मिळाला. वॉलआय, चांगला दीड वीत. हळद-मीठ लावून तव्यावर परतला. लायसन्स मात्र ऑनलाइनच काढलं होतं, तेव्हा तुमचं ते वाक्य तेवढं खरं ठरलं.