तीन टाक्या आणि एक उंदीर

आरव्ही, म्हणजे चाकांवरचे घर, भाड्याने घेऊन वाळवंटात पशुपक्षी पाहायला गेलेल्या कुटुंबात पाण्याशिवाय दुसऱ्या विषयावर बोलणे होत नाही, ही गोष्ट भाड्याच्या करारात कुठेही लिहिलेली नसते. करारात दर मैलाचा आकार असतो, काचेला तडा गेल्यास भरायचा दंड असतो आणि गाडी परत करताना सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या नसल्यास कापली जाणारी रक्कम असते. हे शेवटचे कलम सर्वांत बारीक अक्षरांत छापलेले असते आणि सगळा प्रवास त्याच कलमाच्या धाकात पार पडतो.

आम्ही गेलो होतो ऍरिझोनाच्या दक्षिण टोकाला, मेक्सिकोच्या सीमेला खेटून असलेल्या ऑर्गन पाइप कॅक्टस राष्ट्रीय स्मारकात. सोनोरन वाळवंटाचा हा भाग १९३७ साली संरक्षित झाला आणि १९७६ साली युनेस्कोने त्याला जीवावरण राखीव क्षेत्र म्हणून मान्यता दिली. जमिनीतून एकदम पुष्कळसे खांब वर काढणारा ऑर्गन पाइप निवडुंग अमेरिकेत मुख्यत्वे इथेच पाहायला मिळतो. इथल्या ट्विन पीक्स तळावर २०८ जागा आहेत आणि त्यांतल्या एकाही जागेला वीज, पाणी किंवा सांडपाण्याची जोडणी नाही. जनरेटरसुद्धा सकाळ-संध्याकाळ ठरवून दिलेल्या वेळातच लावायचा. थोडक्यात, घर बरोबर आणलेच आहे तर त्याचा संसार त्याच्याच पोटात चालवा, असा सरकारचा रास्त आग्रह आहे.

मंडळी तीन होती: मी, नवरा आणि माझे सासरे. सासऱ्यांची हयात बँकेत गेली असल्यामुळे नोंद झाली नाही ती गोष्ट घडलीच नाही, असे ते मानतात. त्यांनी येताना दुर्बीण आणि दोनशे पानी वही आणली होती. वहीच्या डाव्या पानावर पाहायच्या प्राण्यांची यादी होती आणि तिच्यात सर्वांत वर रोडरनर होता. हा पक्षी कोकिळेच्या आणि आपल्या भारद्वाजाच्या कुळातला. फक्त उडण्यापेक्षा धावणे त्याला अधिक मानवते. "एवढे लांब आलोच आहोत, तर नात्यातल्या माणसाला भेटून जाऊ," असे बाबांचे म्हणणे होते.

वहीचे उजवे पान कोरे होते. ते टाक्यांनी भरून काढले.

आरव्हीला तीन टाक्या असतात. पहिलीत प्यायचे-वापरायचे ताजे पाणी असते; आमच्या गाडीत ते चाळीस गॅलन, म्हणजे साधारण दीडशे लिटर होते. मोरीचे आणि न्हाणीचे पाणी जाते ती ग्रे टँक, आणि उरलेल्या गोष्टी जातात ती ब्लॅक टँक, जिच्याविषयी सभ्य माणसे संध्याकाळच्या चहानंतर बोलत नाहीत. आम्ही जेवतानाही बोलत होतो. कोणती टाकी किती भरली हे दाखवण्यासाठी दाराशेजारी एक पट्टी असते आणि तिच्यावर चार दिवे असतात. पहिलीचा दिवा सकाळी "दोन तृतीयांश" म्हणतो आणि दोन कप विसळून होईपर्यंत "एक तृतीयांश" वर येतो. ब्लॅक टँकचा दिवा ती रिकामी असतानाही "पूर्ण" असेच सांगतो, कारण पातळी मोजणाऱ्या आतल्या खुंटीला कागद चिकटून बसलेला असतो आणि तो तिथून हलण्याची कोणतीही लक्षणे दाखवत नाही. बाबांनी त्या दिव्यावर पहिल्याच दिवशी अविश्वासाचा ठराव आणला आणि हिशेब हातात घेतला. दात घासणे: अर्धा पेला. ताट: आधी कागदाने पुसावे, मग दोन पेले. अंघोळ: अंग ओले करावे, नळ बंद करावा, साबण लावावा, थंडीने कुडकुडावे, मग नळ पुन्हा उघडावा. कुडकुडण्याची नोंद माझी. बाबांच्या वहीत ती नाही.

या राजवटीत चोरी करायला वाव नव्हता. कोणताही नळ उघडला की गाडीच्या पोटातला पंप गुरगुरू लागतो आणि मध्यरात्री हात धुवायला उठलेल्या माणसाचा गुन्हा गाडीतल्याच नव्हे, तर शेजारच्या तळावरच्या लोकांनाही कळतो. पंप वाजला की बाबा बिछान्यातूनच "कोण आहे?" असे विचारत. त्या आवाजात तिजोरीची किल्ली सांभाळलेल्या माणसाची जरब असे.

प्राणी आम्ही पाहिले नाहीत असे नाही, परंतु प्रत्येक प्राणी पाहून झाल्यावर संभाषण टाकीवर येई. तळाभोवती सवारो निवडुंगांचे उंच खांब उभे होते आणि त्यांच्या खोडात ‘हिला’ जातीच्या सुतारपक्ष्यांनी कोरलेली भोके दिसत होती. त्याच भोकांत पुढे चिमुकली एल्फ घुबडे बिऱ्हाड करतात. मी भोकांकडे पाहत होते आणि नवरा खोडाच्या उभ्या चुण्यांकडे. पाऊस पडला की जमिनीलगत दूरवर पसरलेली मुळे भराभर पाणी ओढतात, चुण्या उलगडतात आणि खोड फुगते. कोरड्या दिवसांत ते पुन्हा आकसते. "ही टाकी किती भरली आहे ते बाहेरूनच कळते बघ," नवरा असूयेने म्हणाला. सरळ, स्पष्ट आणि खुंटीवर कागद न चिकटणारी व्यवस्था!

संध्याकाळी रेंजर बाईंनी माहितीपर व्याख्यान दिले. वाळवंटातले कासव पावसात पोटभर पाणी पिते, ते मूत्राशयात साठवते आणि पुढचे कोरडे महिने त्यातलेच पाणी शरीरात परत शोषून घेते. म्हणून रस्त्यात कासव दिसले तर हौसेने उचलू नका, असे त्या पोटतिडकीने सांगत होत्या. घाबरलेले कासव सगळा साठा एका क्षणात सोडून देते आणि ते त्याच्या जिवावर बेतू शकते. श्रोते हळहळले. बाबा अंधारात माझ्याकडे वळून म्हणाले, "म्हणजे ताजी आणि ग्रे, दोन्ही एकच. टाक्या रिकाम्या करायच्या डम्प स्टेशनची भानगडच नाही." पुढचा अर्धा तास ते त्या कासवाच्या आदराने भारावून होते.

त्याच रात्री पंप आपोआप वाजू लागला. कोणी नळ उघडलेला नसताना तो दर काही मिनिटांनी एकदा गुरगुरे आणि गप्प होई. जाणकारांना याचा अर्थ लगेच कळतो: कुठेतरी गळती आहे आणि नळीतला दाब टिकवण्यासाठी बिचारा पंप धडपडतो आहे. बाबांनी तिघांची हजेरी घेतली, तिघेही निर्दोष ठरले, आणि मग आम्ही कपाळावर दिवे बांधून बाहेर पडलो. दिवसा अंगातली लोकर नकोशी करणारे वाळवंट रात्री हाडे गोठवत होते. नवरा गाडीखाली पाठीवर सरपटत गेला, मी दिवा धरला आणि निचऱ्याच्या तोटीतून पडणारा थेंब आम्हाला दिसला. थेंबाखालची वाळू ओली होती आणि ओलीपासून दोन विती अंतरावर एक कांगारू उंदीर बसला होता.

एवढा जवळून तो मी कधी पाहिला नव्हता. पिवळसर अंग, मोठे काळे डोळे, अंगाहून लांब आणि टोकाला झुपका असलेली शेपटी, लांब मागचे पाय. पुढच्या इवल्याशा हातांनी तो वाळूतले बी उचलून गालाबाहेरच्या केसाळ पिशव्यांत कोंबत होता. थेंब पडला, पुन्हा पडला. उंदराने पाण्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. त्याला पाणी पिण्याची गरजच नसते. कोरडे बी पचवताना शरीरात जे पाणी तयार होते त्यावर त्याचे भागते, आणि मूत्र तो इतके घट्ट करतो की त्यातून पाणी जवळपास वाया जातच नाही. १९४० च्या दशकाच्या अखेरीस क्नुट आणि बोडिल श्मिट-नील्सन या शास्त्रज्ञ दांपत्याने ऍरिझोनाच्या वाळवंटात मुक्काम ठोकून याच उंदरांच्या पाण्याचा जमाखर्च मांडला होता. नवरा-बायकोने वाळवंटात येऊन सांडपाण्याचा अभ्यास करण्याला इतकी थोर परंपरा आहे हे आठवून मला जरा बरे वाटले. तेवढ्यात गाडीखालून "दिवा इकडे धर!" अशी गर्जना झाली आणि उंदीर एका उडीत अंधारात गेला. तोटी पाव वळण घट्ट केल्यावर गळती थांबली. गेलेल्या पाण्याचा अंदाज बाबांनी त्याच रात्री उजव्या पानावर चढवला; उंदीर डाव्या पानावर सकाळी आला.

सकाळी त्या ओल्या वाळूवर मधमाश्यांचा थवा उतरला. वाळवंटातल्या मधमाश्यांना पाण्याचा सुगावा कसा लागतो कोण जाणे, पण त्या दाराशीच घोंगावत राहिल्यामुळे आम्हाला बराच वेळ आत कोंडून बसावे लागले. मधमाश्या डाव्या पानावर लिहाव्यात की उजव्या, या प्रश्नावर बाबा चहा थंड होईपर्यंत अडले होते.

निघायच्या दिवशी डम्प स्टेशनवर रांग होती. गळ्यात महागड्या दुर्बिणी आणि हातांत रबरी मोजे असलेले सज्जन आणि सन्नारी एकमेकांशी ‘हिला’ नावाच्या राक्षस सरड्याविषयी अदबीने बोलत, जाड पाइप घेऊन आपापल्या पाळीची वाट पाहत होते. आमची पाळी आली. आधी ब्लॅक टँक, मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुतला जातो. हा क्रम बाबांनी वहीत चौकटीत लिहून ठेवला होता. मी पाइप धरला, नवऱ्याने दांडा ओढला आणि बाबा जोडाच्या पारदर्शक कोपऱ्याशी वाकून पाणी केव्हा स्वच्छ येते ते पाहू लागले. नेमका तेव्हाच पलीकडच्या झुडपातून रोडरनर बाहेर आला. चोचीत लोंबता सरडा, डोक्यावर उभा तुरा. आमच्या पुढ्यातून तो रुबाबात रस्ता ओलांडू लागला.

"बाबा, तुमचा नातेवाईक!" मी ओरडले.

"थांब गं, अजून गढूळच येतंय," बाबा मान वर न करता म्हणाले.