रविवारचा तीसचा वेग तुमच्या एकट्याचा नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. लांब ट्रायथलॉनसाठी (पोहणं, सायकल, धावणं सलग) सायकलचा वेग वाढवण्याविषयीच्या लेखावर तुम्ही सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: दर रविवारी ग्रुपबरोबर १०० किलोमीटर ताशी तीस किलोमीटरच्या सरासरीने होतात, तरी स्पर्धेच्या ९० किलोमीटरात साठनंतर पाय संपतात आणि पुढे धावण्याऐवजी चालावं लागतं. अशा माणसाला 'बहुतेक तास आरामात चालवा' हा सल्ला काय कामाचा? पॉवर मीटर, म्हणजे पायांचा जोर वॉटमध्ये मोजणारं यंत्र, ही पैसेवाल्यांची चैन आहे. एरोबार, म्हणजे कोपरं टेकवून पुढे वाकून बसायचे हँडलवरचे दांडे, आपल्या रस्त्यांवर धोक्याचे आहेत. आणि लेखातले हृदयगतीचे आकडे गोव्याच्या उकाड्यात टिकत नाहीत.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण तो पूर्ण बरोबर आहे. लेखात ती दुरुस्ती हवी होती. दमट हवेत घाम अंगावरून ओघळतो, सुकत नाही. घाम सुकल्याशिवाय अंग गार होत नाही, म्हणून शरीर त्वचेकडे जास्त रक्त पाठवतं. त्यातच घामामुळे रक्तातलं पाणी कमी होतं. दर ठोक्याला कमी रक्त बाहेर पडतं आणि हृदयाला ठोके वाढवावे लागतात. त्यामुळे पायांचा जोर तोच असला तरी दोन-तीन तासांत हृदयगती मिनिटाला दहा-पंधरा ठोक्यांनी चढते. तेव्हा लाँग राइडचा हृदयगतीचा आकडा (तो कसा काढायचा ते पुढे येतं) पहिल्या तासापुरता काटेकोर पाळा. त्यानंतर आठ-दहा ठोक्यांची वाढ चालू द्या, पण सलग बोलता येतंय का ते बघत राहा. वाढ त्याहून जास्त झाली तर वेग सोडा आणि पाणी-मीठ तपासा. पावसाळाभर घरात ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर), मोठ्या पंख्यासमोर सराव करणाऱ्यांना ऑक्टोबरचा उकाडा फार बाधतो. उष्णतेची सवय व्हायला रोज तास-दीड तास असे १० ते १४ दिवस लागतात. स्पर्धेआधीच्या तीन आठवड्यांत काही सोप्या राइड पहाटेऐवजी सकाळी नऊला काढा.

आता तीसचा प्रश्न. सगळं दुखणं इथेच आहे. सायकलसह ८५ किलो वजन, साध्या हँडलबारवर बऱ्यापैकी वाकलेला सायकलस्वार, सपाट रस्ता आणि वारा पडलेला, असं धरलं तर तीसने एकट्याला साधारण १४५ वॉट लागतात. यातले शंभराहून जास्त वॉट फक्त हवा कापण्यात जातात. ग्रुपमध्ये पुढच्याच्या चाकामागे बसलं की हवेचा भार पाव ते एक तृतीयांश कमी होतो आणि तोच वेग ११०-११५ वॉटमध्ये निघतो. स्पर्धेत ड्राफ्टिंगला, म्हणजे असं दुसऱ्याच्या चाकामागे बसण्याला, बंदी असते. समोरच्यापासून ठरलेलं अंतर राखायचं, म्हणजे हवा सगळी तुमच्या छातीवर. रविवारी शंभर किलोमीटर ११५ वॉटची सवय केलेली, अधूनमधून गाव आलं की सगळ्यांबरोबर ३०० वॉटचा झटका मारलेला, आणि स्पर्धेत मात्र तीन तास १४५-१५० अखंड. साठनंतर पाय संपले यात नवल नाही. तुमच्यात ताकद कमी नाही, तुम्ही सराव वेगळ्याच कामाचा केला आहे.

म्हणून आरामात चालवा म्हणजे रेंगाळा असं नाही. एकट्याने, न थांबता, उतारावरही पेडल न सोडता, एकसारख्या जोराने चालवा. पॉवर मीटर नसेल तर छातीचा हार्ट रेट पट्टा पुरतो. चांगला वॉर्मअप करून ३० मिनिटं एकट्याने जमेल तितक्या जोरात चालवा आणि शेवटच्या २० मिनिटांची सरासरी हृदयगती काढा. ती १६५ आली तर लाँग राइड १३४ ते १४७ मध्ये, म्हणजे तिच्या ८१ ते ८९ टक्क्यांत ठेवा. बहुतेकांची चूक एकच असते: पहिली पाच मिनिटं उधळतात आणि मग आकडा खोटा येतो.

आठवड्यात दोनच दिवस घाम काढायचा. मंगळवारी १२ मिनिटांचे तीन भाग, मध्ये पाच मिनिटं सैल. जोर असा की दोन-तीन शब्दांपलीकडे बोलता येऊ नये, पण तिसरा भागही पहिल्याइतकाच निघावा. पॉवर मीटर असेल तर एफटीपीच्या (साधारण तासभर टिकवता येईल अशा जास्तीत जास्त सरासरी वॉटच्या) ८८ ते ९२ टक्के. सहा आठवड्यांत हे भाग २० मिनिटांपर्यंत न्या. गुरुवारी चढावर चार मिनिटांचे सहा भाग, जड गिअर, मिनिटाला पेडलचे ५५ ते ६५ फेरे. गुडघा दुखला तर त्याच दिवशी थांबा. रविवारी तीन तासांपासून चार तासांपर्यंत, शेवटची ४० मिनिटं स्पर्धेच्या जोराने, आणि उतरल्या उतरल्या २० मिनिटं धावणं. ग्रुप महिन्यातून एकदा ठेवा, सोबतीचीही गरज असतेच.

जागेबद्दल: पणजी-रायबंदर-जुने गोवे हा मांडवीकाठचा सपाट रस्ता पहाटे साडेपाचला सलग भागांसाठी चांगला आहे. फेरीने दिवाडीला गेलात तर वाहनं आणखी कमी. चढ-उतारांसाठी बेतूल ते काब द राम, लांब चढासाठी चोर्ला घाट. सकाळचा जमिनीवरचा वारा दहा-अकरानंतर फिरून समुद्राकडून येतो, त्यामुळे एकाच रस्त्यावरच्या दोन राइडची सरासरी एकमेकींशी ताडून पाहू नका.

चढावर वेळ कमावायचा मोह सोडा. यात गिअरचाही दोष असतो आणि तो कोणी बघत नाही. पुढे ३९ दाते, मागे २५, मिनिटाला ७० फेरे: वेग ताशी १४ किलोमीटरच्या जवळ. सहा टक्के चढावर त्याला सुमारे २२५ वॉट लागतात. एफटीपी २१० असलेला माणूस तिथे प्रत्येक चढावर मर्यादेपलीकडे जातो, इच्छा असो वा नसो. पुढे ३४ आणि मागे २८ लावलं की तेवढ्याच फेऱ्यांत पावणेअकराचा वेग आणि सुमारे १७० वॉट, म्हणजे ८१ टक्के. सबंध ९० किलोमीटरांची सरासरी एफटीपीच्या ७५ ते ८० टक्के धरा, स्पर्धेत १८० किलोमीटर असतील तर ६५ ते ७०. नवीन चाकांआधी ११-३२ ची कॅसेट (मागच्या चाकाचा ११ ते ३२ दात्यांच्या चकत्यांचा संच) घ्या. मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) ३२ घेतो का ते मेकॅनिकला आधी विचारा, आणि चेनची लांबीही बघून घ्या.

एरोबारविषयी तुमची भीती अर्धी खरी आहे. खड्ड्यांचा रस्ता, वळणं, गर्दी: तिथे हात ब्रेकवरच हवेत. पण मोकळ्या सपाट तुकड्यावर ३३ च्या वेगाला साध्या पकडीत १८५ च्या आसपास वॉट लागत असतील, तर कोपरं टेकवून नीट बसल्यावर १७० पुरतात. बिघडतं ते सीट न बदलता नुसते बार लावल्यामुळे: मांडी पोटाला लागते, श्वास कोंडतो, पोट ढवळतं. सीट एक-दोन सेंटीमीटर पुढे सरकवा, पुढे सरकल्यावर ती पायाला थोडी बुटकी पडते म्हणून तीन-चार मिलीमीटर उंच करा. हँडल एकदम खाली नेऊ नका, पाच-पाच मिलीमीटरने न्या. पहिले दोन आठवडे दहा-दहा मिनिटंच. टायरमध्ये ११० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरून फिरणारे हाडांना आणि वेगाला दोन्हींना मारतात. ७५ किलोच्या माणसाला २८ मिलीमीटरच्या टायरात ७० ते ७५ बास.

एनर्जी जेलच्या, म्हणजे राइडमध्ये खायच्या गोड पाकिटांच्या, किमतीबद्दलही तुम्ही लिहिलंत. जेल घेतलेच पाहिजेत असं नाही. ७५० मिलीलीटरच्या बाटलीत ६० ग्रॅम साखर, दीड ग्रॅम मीठ, लिंबू. साखरेत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज निम्मं-निम्मं असतं, आणि दीड ग्रॅम मिठातून सुमारे ६०० मिलीग्रॅम सोडियम मिळतं. तासाला अशी एक बाटली आणि जमेल तर एक केळं. कोकम घालायचं तर आगळ (कोकमाचा खारवलेला रस) मुळातच खारट असतं हे विसरू नका, मीठ त्या बेताने कमी करा. अमृत कोकम गोड असतं, त्याची साखर हिशेबात धरा. शहाळ्याचं पाणी उत्तम, पण त्यात पोटॅशियम जास्त आणि सोडियम थोडं, घामाची भरपाई एकट्याने होत नाही. राइडच्या आधी आणि नंतर वजन करा. पाणी पिऊनही किलोभर घटलं तर सबंध राइडमध्ये तेवढं एक लीटर कमी पडलं, ते तासांत वाटून घ्या. मात्र वजन वाढलं तर नुसतं पाणी जास्त प्यायलात, आणि ते जास्त धोक्याचं.

येत्या रविवारी ग्रुपशिवाय तीन तास काढा. दर अर्ध्या तासाची सरासरी हृदयगती, अंतर आणि प्यायलेल्या बाटल्या लिहून इथेच टाका. पहिल्या दीड तासाच्या मानाने दुसऱ्या दीड तासात अंतर किती घटलं, त्यावरून पुढच्या सहा आठवड्यांचं वेळापत्रक मिळून ठरवू.