कोळणीच्या कपाळावर ‘खोली भाड्याने’

आज पुन्हा तेच! आमच्या गल्लीच्या तोंडाशी भिंतीवर कोळीण रंगवलीय, डोक्यावर पाटी, नाकात नथ. सकाळी बघतो तर बरोबर तिच्या कपाळावर ‘खोली भाड्याने देणे आहे’. नखाने खरवडलं, तर खळीबरोबर भुवईचा रंगही निघून आला. अरे, शेजारी अख्खा पत्रा रिकामा आहे ना!

गेल्या महिन्यात पेस्ट कंट्रोलवाला, त्याआधी क्लासवाले. केबलवाल्याने तर पाटीतल्या पापलेटातच खिळा ठोकला. खाली पानाच्या पिचकाऱ्या, त्या वेगळ्याच.

२०१७ साली मुंबईत ससून डॉकच्या, म्हणजे मासळी बंदराच्या, भिंती रंगल्या, तेव्हा मासळीच्या वासात उभं राहून लोक चित्रं बघत होते. म्हणजे बघायची आवड आहे. जपायला काय होतं? खाऱ्या हवेने आणि पावसाने रंगाचे पोपडे निघतातच, त्यात ही भर कशाला? मालमत्तेचं विद्रूपीकरण रोखणारा कायदा राज्यात १९९५ पासून आहे. पत्रकावर फोन नंबर ठळक छापलेला असतो, मग पकडायला अडतं कुठे?

ती पोरं मे महिन्याच्या उन्हात परांचीवर चढून दिवसभर रंगवत होती हो. नुसती नथ रंगवायला अख्खी दुपार गेली होती.