क्रॉइत्सर व्हिएन्नाचा नव्हे, मेरानचा!

नाण्यांवरचा लेख छान, पण क्रॉइत्सर हे जुनं नाणं व्हिएन्नाच्या बादशाहांनी काढलं, हे वाक्य खटकलं. ते मूळचं टिरोलच्या (आल्प्स पर्वतातला एक मुलूख) काउंट, म्हणजे तिथला सत्ताधारी सरदार, दुसऱ्या माइनहार्टचं. 1271 च्या सुमारास टिरोलमधल्या मेरान गावच्या टांकसाळीत हातोड्याने ठोकून पाडलेलं चांदीचं नाणं, किंमत इटलीतल्या वेरोना शहराच्या 20 लहान नाण्यांएवढी. एका बाजूला टिरोलचा गरुड, दुसरीकडे दुहेरी क्रूस. नाव त्या क्रूसावरूनच पडलं, जर्मनमध्ये क्रूसाला 'क्रॉइत्स' म्हणतात. क्रूसाच्या लांब दांड्यांनी काउंटच्या नावाचे चक्क चार तुकडे केलेत, त्यामुळे पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते नाव वाचताच येत नाही. (मलाही आलं नव्हतं.) आल्प्समधल्या ब्रेनर खिंडीतून जाणारा व्यापारी रस्ता काउंटच्या मुलखातून जायचा, म्हणून नाणं लांबवर चाललं. ऑस्ट्रियात क्रॉइत्सर हे नाव पार 1892 पर्यंत टिकलं.