खुलासा : कुबोतांच्या किमोनोंवरची निसर्गदृश्ये कुंचल्याने रंगवलेली नाहीत

जपानी कलाकार इच्चिकु कुबोता (१९१७–२००३) यांच्या किमोनोंचे फोटो फिरत आहेत. सोबतचा मजकूर म्हणतो, ‘कुंचल्याने रंगवलेली चित्रे, लुप्त झालेली त्सुजिगाहाना कला जशीच्या तशी परत आणली.’ दोन्ही विधाने चुकीची आहेत. त्सुजिगाहाना म्हणजे कापड टाके घालून, बांधून रंगवण्याची जुनी जपानी कला.

मुळात हे बांधून रंगवण्याचे काम आहे, आपल्या बांधणीच्या जवळचे. नक्षीच्या रेघेवर बारीक टाके घालायचे, दोरा ओढून चुण्या घट्ट आवळायच्या, रंग द्यायचा, वाफवायचे, धुवायचे, टाके उसवायचे; पुढच्या छटेसाठी पुन्हा पहिल्यापासून. टाका सैल राहिला की रंग आत झिरपतो आणि कडा फुटते. संध्याकाळच्या आभाळातली ती एकात एक विरघळणारी छटा अशा थरांवर थर चढूनच येते. शाईची रेखाटने आहेत, पण ती बारकाव्यांपुरती.

जुन्या त्सुजिगाहानासाठी वापरले जाणारे नेरिनुकी नावाचे खास रेशीम मिळेना, म्हणून कुबोतांनी क्रेप रेशीम आणि कृत्रिम रंग घेतले. पद्धतीला नावही वेगळे दिले : ‘इच्चिकु त्सुजिगाहाना’. विशीत संग्रहालयात पाहिलेल्या एका तुकड्यापासून सुरुवात झाली. मध्ये युद्ध, सैबेरियातला बंदिवास. पहिले प्रदर्शन साठीत, १९७७ साली.

शेजारी टांगलेल्या किमोनोंवर एकच निसर्गदृश्य पुढे सरकते, ती ८० किमोनोंची नियोजित मालिका मात्र अपुरीच राहिली.