ग्रामर की कॉम्प्रिहेन्सिव्ह? होतकरू पालकांसाठी मार्गदर्शन

लंडनशेजारच्या स्लाऊमध्ये घर घेताना तुम्ही सगळ्यांना सांगितलं होतं, की हीथ्रो जवळ पडतं आणि एलिझाबेथ लाइननं थेट लंडनमध्ये उतरता येतं. पुण्याच्या मावशीला ते पटलंही असेल. पण आपल्यातलं आपल्यात बोलायचं तर या एका गावात चार ग्रामर स्कूल, म्हणजे प्रवेशपरीक्षा घेऊन मुलं निवडणाऱ्या शाळा आहेत, फी एक पेनी नाही, आणि शेजारी बकिंगहमशरची हद्द लागली की आणखी तेरा. अख्ख्या इंग्लंडात अशा सरकारी शाळा उरल्या आहेत १६३. तेव्हा विमानतळ पुरे, कामाला लागा.

ग्रामर निवडावी की घराजवळची, परीक्षेविना सगळ्यांना घेणारी कॉम्प्रिहेन्सिव्ह, असा प्रश्न घेऊन बरेच पालक वर्षभर फिरतात. त्यांना कुणीतरी सांगायला हवं, की ग्रामर आपण निवडत नसतो, ती आपल्याला निवडते. आपल्याला म्हणजे आई-बापांनाच. पेपर मुलानं सोडवायचा असतो, एवढंच.

थोडा इतिहास पाठ करून ठेवा, महाराष्ट्र मंडळाच्या जेवणात उपयोगी पडतो. १९४४ च्या शिक्षण कायद्यानंतर या देशानं ठरवलं, की अकराव्या वर्षी एक परीक्षा घेतली की हुशार कोण ते कळतं. हुशार ग्रामरमध्ये, बाकीचे बहुतेक ‘सेकंडरी मॉडर्न’ नावाच्या साध्या शाळेत. पुढे १९६५ मध्ये मजूर पक्षाच्या सरकारनं परिपत्रक काढून सगळ्यांसाठी एकच शाळा करा म्हटलं. आता गंमत बघा. सर्वांत जास्त कॉम्प्रिहेन्सिव्हना मंजुरी कुठल्या शिक्षणमंत्र्याच्या सहीनं मिळाली? स्वतः ग्रामरमध्ये शिकलेल्या मार्गारेट थॅचर यांच्या. १९९८ पासून तर नवी ग्रामर काढायलाच कायद्यानं बंदी आहे. म्हणून केंट परगण्यातल्या टनब्रिजच्या एका ग्रामरनं नऊ-दहा मैलांवरच्या सेव्हनोक्समध्ये २०१७ साली नवी इमारत सुरू केली आणि तिला नवी शाळा न म्हणता जुन्या शाळेचा विस्तार म्हटलं. ठाण्यातल्या शाळेनं कल्याणला वर्ग भरवून ‘ही आमची मागची इमारत’ म्हणावं तसं. सरकारनंही मान डोलावली. या व्यवस्थेत शिरायचं तर डोकं असंच चालायला हवं.

तयारी इयर थ्रीमध्ये, म्हणजे मूल सात-आठ वर्षांचं असताना सुरू करा. इयर फोरमध्ये सुरू करणारे आशावादी असतात आणि इयर फाइव्हमध्ये करणारे नुकतेच भारतातून आलेले. पहिली गोष्ट ट्यूटर. चांगला ट्यूटर तुमच्या ओळखीच्या एकालाही माहीत नसतो. ज्याला माहीत असतो तो सांगत नाही. ‘आम्ही काही विशेष करत नाही गं, घरीच थोडं बघतो’ असं जी म्हणेल, तिच्या घराबाहेर शनिवारी सकाळी नऊ वाजता गाडी आहे का बघून या. नसणारच.

परीक्षेत इंग्रजी आणि गणित असतंच, शिवाय व्हर्बल आणि नॉन-व्हर्बल रिझनिंग, म्हणजे शब्दांची आणि आकृत्यांची कोडी. ही शेवटची दोन्ही प्राथमिक शाळेच्या अभ्यासक्रमात नाहीत. म्हणजे शाळेत जे शिकवतच नाहीत, त्यावरून मुलाची उपजत हुशारी मोजतात, आणि ती उपजत हुशारी बाजारात तासाला तीस-चाळीस पाउंडांनी मिळते. आपल्याला हे नवीन नाही. तुम्ही चौथीच्या शिष्यवृत्तीला बुद्धिमत्ता चाचणीच्या पुस्तकातल्या त्याच फिरवलेल्या आकृत्या सोडवल्या होत्या. माळ्यावरच्या ट्रंकेत ते पुस्तक अजून असेल तर आजोबांना घेऊन यायला सांगा. बकिंगहमशरनं २०१३ मध्ये ‘शिकवणीचा उपयोग होणार नाही’ अशी नवी परीक्षा आणली होती. ट्यूटरांनी लगेच त्या परीक्षेच्या शिकवण्या सुरू केल्या.

आजी-आजोबांचा विषय निघालाच आहे, तर त्यांच्या सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसाचं नियोजन एप्रिल ते सप्टेंबर असं करा. आजीनं डबा करायचा, आजोबांनी ट्यूटरच्या दारात मूल सोडायचं आणि तासभर बाहेर बाकावर बसायचं. परीक्षा सप्टेंबरात असते, म्हणजे नेमकी गणपतीच्या आगेमागे. त्या वर्षी मंडळाच्या लेझीम पथकात मुलीचं नाव देऊ नका. आरतीला आणा, पण प्रसाद घेऊन लगेच घरी. कुणी विचारलं तर ‘तिला जरा सर्दी आहे’ म्हणा. त्या वर्षी सगळ्याच दहा वर्षांच्या मुलांना सर्दी असते, कुणी खोलात जात नाही.

आकडे लक्षात ठेवा. पात्र व्हायला स्लाऊला १११ गुण लागतात, बकिंगहमशरला १२१. शिवाय रेडिंगला मुलग्यांची एक आणि मुलींची एक ग्रामर आहे, त्यातल्या आपल्या शाळेचाही अर्ज भरा. एका मोसमात तीन परीक्षा दिल्यानं मूल कणखर होतं असं म्हणतात. म्हणणारे अर्थात पालक. हे गुण वयानुसार जुळवलेले असतात. ऑगस्टमध्ये जन्मलेलं पोर सप्टेंबरवाल्यापेक्षा वर्षभरानं लहान, म्हणून तो फरक भरून काढतात. इतका बारीक न्याय! ज्याची आई रात्रपाळीला वखारीत जाते आणि ज्याच्या घरी सरावाचं एकही पुस्तक नाही, त्याचा फरक भरून काढायचं कोष्टक मात्र अजून कुणाला जमलेलं दिसत नाही. सटन ट्रस्ट या शिक्षणातल्या संस्थेनं २०१३ मध्ये मोजलं, तेव्हा ग्रामरमध्ये शिरलेल्यांत शाळेतल्या मोफत जेवणाला पात्र असलेली, म्हणजे गरीब घरची मुलं तीन टक्क्यांहून कमी निघाली होती. हा आकडा मंडळाच्या जेवणात काढू नका. जेवण थंड होतं.

तुम्हाला तत्त्वं असतील तर त्यांचीही सोय आहे. १९९६ मध्ये मजूर पक्षाच्या हॅरिएट हार्मन यांनी आपल्या मुलासाठी ग्रामर स्कूल निवडलं, तेव्हा त्यांच्याच पक्षात केवढा गहजब झाला होता. पक्ष पुढच्या वर्षी निवडून आला आणि त्या मंत्रीही झाल्या. तेव्हा समतेबद्दलची तुमची मतं मुळीच बदलू नका, फक्त शाळा जाहीर होतात त्या मार्चपर्यंत बोलू नका.

आता कॉम्प्रिहेन्सिव्ह. ती बघायला जायचं असतं, नाहीतर आपण निवड केली असं म्हणता येत नाही. ओपन इव्हिनिंगला प्रयोगशाळेत एक मुलगी तांब्याचा क्षार ज्योतीत धरून हिरवा रंग दाखवेल. ग्रामरच्या ओपन इव्हिनिंगला हाच क्षार, हीच ज्योत, हाच हिरवा. तिथे तुम्ही म्हणाल, ‘काय सुविधा आहेत!’ इथे म्हणाल, ‘लक्ष वेधायला करतात हो असलं काहीतरी.’ मुख्याध्यापिका सांगतील, की आमच्याकडे सगळ्या प्रकारची मुलं येतात. हे वाक्य ऐकताच बायकोकडे बघा. घरी परतताना गाडीत तुम्ही दोघं ‘एरिया’, ‘संगत’ आणि ‘आपल्यासारखी’ हे शब्द वापराल. मागच्या सीटवर बसलेला मुलगा त्या शाळेतल्या भिंतीवर चढायच्या हॉलबद्दल बोलत असेल, त्याला ‘हं’ म्हणा.

त्या मुख्याध्यापिका एक गोष्ट सांगणार नाहीत, कारण त्या सभ्य आहेत. आसपासच्या ग्रामर शाळांनी परीक्षेतली वरची मुलं आधीच उचलून नेली, की ‘सर्वांसाठीची शाळा’ नावालाच उरते. मग तुम्ही दोन्ही शाळांचे निकाल शेजारी ठेवता आणि म्हणता, बघा, ग्रामरचं शिक्षण किती वरचं! दुधावरची साय काढून घ्यायची आणि दूध पातळ म्हणून नाकारायचं, हे आपल्याला जमतं. आणि हो, तुम्ही स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलात, जिथे पाटलांचा, कुंभारांचा आणि तलाठ्याचा मुलगा एकाच सतरंजीवर बसायचे, ही आठवण रम्य असली तरी मुलासमोर काढू नका. तो वेडंवाकडं विचारतो.

निकाल ऑक्टोबरात येतो. १११ आले तर पेढे वाटायची घाई नको. पात्र झालं म्हणजे जागा मिळाली असं नाही, पुढे शाळेचे निकष लागतात आणि त्यात घराचं अंतरही येतं. म्हणून नियमांचा खरा जाणकार कौन्सिलमध्ये नसून इस्टेट एजंटच्या दुकानात भेटतो. ११० आले तर मात्र धीर धरा. १ मार्चला दुसरी शाळा मिळाली की अपील करता येतं. अपिलात मुलाची सर्दी सांगा. गणपतीतली नव्हे, खरी.

आणि अपीलही फेटाळलं गेलं, आणि तुमचा मुलगा सप्टेंबरात शेजारच्या अदीलबरोबर दहा मिनिटं चालत कॉम्प्रिहेन्सिव्हला जायला लागला, तर? पहिले सहा महिने शाळेचं नाव न घेता ‘जवळच आहे’ म्हणत राहा. पुढे एक अडचण येण्याची शक्यता आहे, तिची तयारी ठेवा. मुलगा तिथे रमेल. जीसीएसईला, म्हणजे इथल्या दहावीला, त्याला चांगले ग्रेड मिळतील. बऱ्याच ग्रामर शाळा सोळाव्या वर्षी, सिक्स्थ फॉर्मला, बाहेरची मुलं घेतात, आणि तिथे फिरवलेल्या आकृत्या कुणी विचारत नाही, जीसीएसईचे ग्रेड बघतात. म्हणजे तुम्ही तेव्हा पुन्हा अर्ज करू शकता. मंडळात सांगायचं, की आमचं आधीपासून असंच ठरलं होतं. फक्त अर्जाचा विषय काढायच्या आधी मुलाला विचारू नका. तो म्हणेल, इथेच बरं आहे, अदीलपण इथेच राहतोय. आणि धाकटीच्या ट्यूटरला तुम्ही गेल्याच आठवड्यात आगाऊ पैसे भरले आहेत.