अण्णांचा हिरवा रस

"झाडपाल्याचंच आहे, त्याने काय होतंय" असं आता माझ्यासमोर कोणी म्हणलं ना की मी सरळ अण्णांचा रिपोर्ट काढते.

अण्णांच्या हृदयात धातूचा व्हॉल्व्ह आहे, त्यामुळे रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर, वॉरफरीन. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा, कमी म्हणजे रक्त लवकर गोठतं) 2.5 ते 3.5 मध्ये पाहिजे, चार वर्षं असायचा पण. मागच्या महिन्यात एकदम 1.4! लॅबवाल्याला म्हणलं परत काढा, परत तेच. गोळ्या चुकल्या म्हणावं तर डबीतले कप्पे रोजचे रोज रिकामे. मग आई हळूच म्हणाली, अगं ते गोल्फ क्लबवर फिरायला जातात ना, तिथे रस घेतात. पालक, कोथिंबीर, गव्हांकुर, वरून लिंबू, स्टीलचा मोठा ग्लास. रक्त शुद्ध होतं म्हणे. महिनाभर मिशीला हिरवा फेस घेऊन घरी यायचे आणि मी आपली हसायचे.

हिरव्या पाल्यात व्हिटॅमिन के भरपूर, रक्त गोठायला तेच लागतं, आणि ही गोळी नेमकं त्याचंच काम अडवते. म्हणजे घरात रस्सीखेच चालू होती आणि व्हॉल्व्हवर गुठळी झाली असती तर कोणाला पत्ता नसता.

गंमत म्हणजे गोळीचं मूळपण पाल्यातच आहे. 1920 च्या दशकात कॅनडा-अमेरिकेत गुरं रक्तस्राव होऊन मरायला लागली, कारण निघालं बुरशी लागलेला चारा, स्वीट क्लोव्हर, आपल्या लसूणघासाच्या नात्यातला. त्यातल्या रसायनावरून वॉरफरीन बनलं, 1948 ला आधी उंदीर मारायला विकलं, माणसांना 1954 पासून.

आणि आमच्या बिल्डिंगमधल्या काकू शुगरसाठी रोज सदाफुलीची पानं चावतात. 1950 च्या दशकात कॅनडात शुगरसाठीच सदाफुलीचा अर्क उंदरांवर करून बघितला होता, शुगर काही हलली नाही, पांढऱ्या पेशी मात्र धडाधड कमी झाल्या. त्यातूनच पुढे कॅन्सरची औषधं निघाली, त्यातलं व्हिनक्रिस्टीन आजही लहान मुलांच्या ब्लड कॅन्सरला देतात. पण ते डोस मोजून, शिरेतून, सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) बघत बघत. काकू कुंडीतून अंदाजाने.

(डेंग्यू आणि पपईचं पान विचारणारच तुम्ही. काही छोट्या ट्रायल्समध्ये प्लेटलेट वाढलेल्या दिसल्यात, खरंय, पण आठवड्याभराने त्या बहुतेकांच्या तशाही वर येतात आणि श्रेय पपई घेऊन जाते. असो.)

डॉक्टर ओरडतील वाटलेलं, ते फक्त म्हणाले पालेभाजी बंद नका करू, पण रोज साधारण तेवढीच ठेवा, आणि नवीन काही प्यायच्या आधी मला एक फोन करा. या सोमवारी 2.6 आला, तेव्हा कुठे मला झोप लागली.

काल रसवाल्या दादाने विचारलं, अण्णा दिसत नाहीत हल्ली? म्हणलं, झालं त्यांचं रक्त शुद्ध.